पत्त्यातला 'द्वारा'

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदाला हात लावला असेल तर तो सही करायला, नाहीतर अंगठा उठवायला. वडिलांची सही तीन अक्षरांची आहे आणि ती करताना ते अजूनही श्वास धरून बसतात. मी कॉलेजात गेलो म्हणून मला लिहिता येतं असं गावात समजतात. कधीकधी मीही तसं समजतो. पण ज्या पत्रांबद्दल मी लिहायला बसलो आहे ती माझी नव्हती. एका जवानाने एका मुलीला लिहिलेली आणि त्या मुलीने त्याला लिहिलेली ती पत्रं. माझं नाव होतं ते फक्त पत्त्यात. दुसऱ्यांच्या पत्रांवर मी का लिहावं, याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. एवढंच आहे की त्यातलं एक पत्र मी अकरा दिवस दाबून ठेवलं होतं, आणि ते का, हे मी आजपर्यंत कुणाला धडपणे सांगितलेलं नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्या दोघांना विचारायला हवं होतं, तेही विचारलेलं नाही.

आमचं गाव राधानगरीच्या वाटेवर आहे. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण दहावीत दोनदा अडकला म्हणून आम्ही एका बाकावर आलो. बाक लहान होता आणि तो रुंद होता. मी अर्धा बाहेर बसून दहावी झालो.

कोल्हापुरात फौजेची भरती निघाली तेव्हा आम्ही दोघंही गेलो. पळण्याच्या परीक्षेत तो पहिल्या घोळक्यात आला. मीही वेळेत आलो, पण छाती मोजताना अडकलो. फुगवून जेवढी वाढायला पाहिजे तेवढी माझी वाढेना. टेप धरणाऱ्या माणसाने मला तीनदा श्वास घ्यायला लावला आणि मग टेप गुंडाळत म्हणाला, "पावणं, जरा जेवून या." मागच्या रांगेतले सगळे हसले. तोही हसला. परतीच्या एस.टी.त त्याने मला आपल्या पैशाने भजी खाऊ घातली आणि म्हणाला, "तू शिक. तुझ्या डोक्याची छाती मोठी हाय." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ती भजी मला गिळवली नाहीत. मी कॉलेजला गेलो तो असा. लोकांना वाटतं शिक्षणाच्या ओढीने गेलो.

ती आमच्या पलीकडच्या गल्लीतली. दहावी पास होऊन घरी बसलेली, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत दूध घालायला यायची. आमच्याकडच्या पोरी 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात, तशीच तीही बोलायची. आम्हा दोघांनाही ती लहानपणापासून 'अरे' म्हणायची, रागावली की 'घोड्या'. त्यात कुणाला कमी-जास्त नव्हतं. माझ्या मनात तिच्याबद्दल काय होतं ते मी तिला सांगितलं नव्हतं. बी.ए. झालो, नोकरी लागली, की सांगायचं असं मी ठरवलं होतं. माझ्यासारख्यांचं सगळं असंच असतं, आधी पास व्हायचं.

मी पहिल्या वर्षाला असताना तो सुट्टीवर आला होता. जायच्या आदल्या दिवशी तो मला ओढ्याकडे घेऊन गेला.

"तुझा हॉस्टेलचा पत्ता दे," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. मी म्हणालो, "लिहिशील?"

"लिव्हीन की. तुला न्हवं. तिला."

"कुणाला?"

त्याने नाव सांगितलं. मग म्हणाला, "तिच्या घरी पत्र गेलं तर तिचा बा तिला जित्ती ठेवायचा न्हाय. तुझ्या पत्त्यावर पाठवतो. शनवारी गावाला येतोसच की. एवढं कर. तुझ्याबिगर कोण हाय मला."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

तिच्या बापाचं म्हणणं सगळ्या गावाला माहीत होतं. "पोरगी हिरीत ढकलीन, पर फौजीला द्यायचो न्हाय." त्यामागे कारण होतं. त्याची सख्खी बहीण, म्हणजे तिची आत्या, त्याच घरात राहायची. तिचा नवरा फौजेत होता. लग्नानंतर दोन वर्षांत तो गेला आणि ती भावाकडे परत आली. त्या घरात फौजेचं नाव काढत नसत.

अशी पत्रं सुरू झाली. फौजेतल्या लोकांना बिनतिकिटाचं आंतर्देशीय मिळतं, त्यावर तो लिहायचा. वर 'कुमारी' आणि तिचं नाव, खाली 'द्वारा', मग माझं नाव आणि हॉस्टेलचा पत्ता. मागे पाठवणाऱ्याच्या जागेत त्याचा नंबर, आणि तिथेही 'द्वारा' आणि लष्करी पोस्टाचा नुसता आकडा. तो कुठल्या गावात, कुठल्या डोंगरावर आहे, काही कळायचं नाही. एकदा ती म्हणाली होती, "आमी दोघंबी कुणाच्या तरी द्वाराच."

तो आकडा फौजेचा होता. दुसरा द्वारा मी होतो.

त्याला त्याची गंमत वाटायची. पत्राच्या दुमडीवर, जिथे डिंक असतो त्याच्या कडेला, तो माझ्यासाठी एक ओळ लिहायचा. "काय द्वारा, बरं हाय न्हवं?" नाहीतर, "द्वारा, परीक्षेचं बघ." मला नाव असताना तो मला द्वारा म्हणू लागला. मी त्यावर कधी काही बोललो नाही.

हॉस्टेलच्या दारात लाकडी खण होते, त्यात पत्रं पडायची. पोरं ती उलटीपालटी करून बघायची. एकाने विचारलं, "तुझ्या पत्त्यावर कुमारी कोण रे? बहीण हाय व्हय तुझी?" हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. मला तेवढा एक शब्द तोंडातून काढता आला नाही. मी हसल्यासारखं केलं. मग त्यांनी आपापलं काय ते समजून घेतलं आणि मला चिडवायला लागली. खोटं सांगत नाही, ते चिडवणं मला आवडायचं.

शनिवारी रंकाळा स्टँडवरून एस.टी. धरून मी गावी यायचो. संध्याकाळी दूध संस्थेच्या रांगेत आमच्या म्हशीचं दूध घेऊन उभा राहायचो. ती यायची. किटली कमरेला रुतू नये म्हणून तिच्या किटलीला खालून फडकं बांधलेलं असायचं. ती विचारायची, "फॅट किती लागली रे आज?" पत्र आलं असेल तर मी म्हणायचो, "चांगली लागली." मग किटल्या खाली ठेवताना पत्र त्या फडक्यात जायचं. रविवारी सकाळी तिचं उत्तर त्याच फडक्यातून माझ्याकडे यायचं. रांगेतल्या एका म्हातारीला शंका आली होती. ती म्हणाली, "ह्येच्या म्हशीला आठवड्यातनं एकदाच फॅट लागत्या जणू." आम्ही दोघंही हसलो. तेव्हा आम्ही दोघं एका बाजूला आहोत असं मला क्षणभर वाटलं होतं.

आंतर्देशीय पत्र चिकटवलेलं असलं तरी एका कडेने नळीसारखं फुगवता येतं. बोट घातलं आणि उजेडाकडे धरलं की आतल्या ओळींची टोकं दिसतात. हे मला कधी कळलं आणि मी कधीपासून करायला लागलो ते सांगायला लाज वाटते. तिची उत्तरंही मी अशीच बघायचो. त्यात काही गोड बोलणं नसायचं. म्हैस आटली, आत्याचं गुडघं धरलंय, तू जेवतोस का, घोड्या, थंडीत कानटोपी घाल. मी कितीतरी चांगलं लिहिलं असतं. आणि तरीही मला त्या कानटोपीचा हेवा वाटायचा. मला तिने कधी कानटोपी घाल म्हटलं नव्हतं. कोल्हापुरात तेवढी थंडी नसते, हेही खरं आहे.

मी दुसऱ्या वर्षाला गेलो त्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर जेवणाच्या वेळेला उभं राहायला जागा नसायची. पेपरात रोज फोटो यायचे. जी पोरं पूर्वी कुमारीवरून चिडवायची त्यांना एव्हाना पत्र फौजेतून येतं हे कळलं होतं. ती आता पत्र हातात धरून माझ्याकडे जपून द्यायची आणि विचारायची, "बरं हाय न्हवं त्यो?" सगळ्यांना तो हवा होता. मी त्याचा दोस्त म्हणून माझीही किंमत वाढली होती. मला ती नको होती.

त्याच दिवसांत, एका बुधवारी, ते पत्र आलं.

मी खोलीत जाऊन खिडकीशी उभा राहिलो आणि कडेने बोट घातलं. अक्षर नेहमीपेक्षा घाईचं होतं. ओळींची टोकं दिसली. '...वीसेक दिवस', मग '...तुझ्या बाला', खाली '...लगीन', आणि शेवटच्या ओळीत नुसतं 'येतो'. दुमडीवर माझ्यासाठी ओळ नव्हती.

मी त्याचं माझ्या मनाने वाक्य जुळवलं. वीसेक दिवसांची सुट्टी घेऊन तो येतोय, तिच्या बापाला विचारणार आणि लग्न करणार. लढाई चालू असताना सुट्टी कशी मिळेल, हे माझ्या मनात आलंच नाही. मला एवढंच दिसत होतं की तो एस.टी.तून उतरतोय, खांद्यावर काळी ट्रंक, आणि आता तर लढाईवरून आलेला म्हणून सगळं गाव स्टँडवर. तिचा बाप तरी कसा नाही म्हणेल? आणि मी तिथेच कुठेतरी उभा, पिशवीत गाईड घेऊन.

मी पत्र अर्थशास्त्राच्या गाईडमध्ये ठेवलं. त्या शनिवारी गावी गेलो नाही. निरोप पाठवला की चाचणी आहे. चाचणी नव्हती. तो यायच्या आत मी तिला माझं सांगणार होतो. त्यासाठी मीही एक पत्र लिहायला घेतलं. चार दिवसांत नऊ वेळा लिहिलं आणि फाडलं. दहाव्या वेळचं ठेवलं. आता त्यातलं एकच वाक्य आठवतं, 'मीही तुझ्यासाठी पुष्कळ चाललो आहे.' रंकाळा स्टँड ते हॉस्टेल मी पैसे वाचवायला चालत जायचो, त्याबद्दल ते होतं बहुतेक.

दुसऱ्या शनिवारी गेलो. वरच्या खिशात माझं पत्र, गाईडमध्ये त्याचं. रांगेत ती माझ्या मागे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"फॅट किती लागली रे?"

"न्हाय लागली," मी म्हणालो.

"दोन आठवडं?"

मी किटली पुढे सरकवली.

"लढाई लागल्या तिकडं," ती हळू म्हणाली, "आन माझ्याकडं एक कागूद न्हाय." पुढच्या म्हातारीने मागे वळून बघितलं तशी ती गप्प झाली.

माझं पत्र द्यायची वेळ तीच होती. खिशाला हात लागला, पण तिच्याकडे बघून ते बाहेर काढायचं धैर्य झालं नाही.

रविवारी सकाळी दूध घालून झाल्यावर मी तिला संस्थेच्या मागच्या भिंतीकडे बोलावलं. तिथे रिकामे कॅन धुवायचा हौद आहे. सकाळचे कॅन धुऊन झाले होते, कुणी नव्हतं. मी गाईडमधून पत्र काढून दिलं.

तिने ते तिथेच फोडलं. ती वाचत असताना मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती हसेल असं मला वाटत होतं. ती हसली नाही. परत वरून वाचलं.

"कवा आलतं हे?"

"बुधवारी."

"परवाच्या?"

मी गाईड मिटलं. मग म्हणालो, "त्याच्या आधीच्या."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटलं, ती तो यायचे दिवस मोजतेय. तिला बरं वाटावं म्हणून, आणि माझ्यावरचा राग कमी व्हावा म्हणूनही, मी म्हणालो, "आता काय, तो येतोयच की."

ती मोजायची थांबली. "येतोय म्हणून तुला कुणी सांगितलं?"

माझ्या ध्यानात आलं, पण उशीर झाला होता.

"तू वाचलंस," ती म्हणाली. "बंद पत्र वाचलंस."

"सगळं न्हाय. कडंनं. येतो लिहिलेलं दिसलं."

तिने पत्र खाली केलं. मग तिने विचारलं, "तू घरातनं भाईर पडताना तुझ्या आईला काय सांगतोस?"

"काय म्हंजे?"

"काय सांगतोस? जातो म्हणतोस?"

आमच्याकडे जातो म्हणत नाहीत. जातो म्हणणं अशुभ. रानात निघालेला असो, की परगावी, की सासरी निघालेली पोरगी असो, 'येतो' म्हणूनच उंबरा ओलांडायचा. हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. त्याच शनिवारी हॉस्टेलच्या पोरांना मी 'येतो' म्हणूनच निघालो होतो. पण त्या एका शब्दाकडे बघताना माझ्या डोळ्यांपुढे काळी ट्रंक होती.

"कॉलेजात काय शिकतोस रे तू, घोड्या?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने मला पत्र वाचून दाखवलं. ते असं होतं. "अजून वीसेक दिवस आमी खाली हाय. मग पलटण वर जाणार. वर पत्र मिळंल न मिळंल. म्हणून एकच विचारतो. काय सांगायचं तुझ्या बाला, ते मी मागनं बघतो. माझ्यासंगं करशील का लगीन? व्हय का न्हाय एवढंच लिव्ह. वर जायच्या आत कळलं तर पाय हलकं पडतील. येतो."

"सहा दिवस यायला लागलं," ती म्हणाली. "अकरा दिवस तुझ्याजवळ. सतरा झालं. आता मी लिव्हलं तरी सहा दिवस जायाला. त्यो वर गेलेला असणार."

मी म्हणालो, "मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला नगं सांगू." तिला ते माहीत होतं की काय, हे मला आजही कळलेलं नाही. ती हौदाच्या कट्ट्यावर बसली. बोलली, पण माझ्याशी बोलल्यासारखं नाही. "आत्या अजून म्हणत्या. तिचं मालक शेवटचं निघालं तवा दारात हुभा राहून म्हणालं, येतो. ही भाकरी थापत हुती. रुसली हुती कशानं तरी. तव्याकडं बघत ऱ्हायली. या म्हणायचं ऱ्हाऊन गेलं. आज तीस वर्सं झाली, दारात भिकारी आला तरी ती आधी या म्हणत्या."

येतो म्हणणाऱ्याला घरातून कुणीतरी 'या' म्हणायचं असतं. मगच तो निघतो. हेही मला माहीत होतं.

तिने हात पुढे केला. "पेन दे."

तिच्यासाठी कोरं आंतर्देशीय मी नेहमी आणायचो, त्या दिवशीही आणलं होतं. तिने ते गुडघ्यावर ठेवून लिहिलं. एरवी ती घरी नेऊन आठवड्याचं सगळं लिहायची, ह्या वेळी पेन टेकवलं न टेकवलं तोच उचललं. जिभेने डिंक ओला करून पत्र बंद केलं आणि पत्ता घातला.

"झालं?" मी विचारलं.

"आजच टाक. उद्याच्याला ठेवू नगंस." मग किटली उचलताना म्हणाली, "आन बोट घालू नगंस."

रविवारी गावचं पोस्ट बंद. कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनवर टपालाची पेटी असते, तिथलं टपाल रविवारीही निघतं हे मला माहीत होतं. मी जेवलोही नाही, मिळेल ती एस.टी. धरली. घाईत शर्ट बदलला आणि माझं ते दहाव्या वेळचं पत्र आधीच्या शर्टाच्या खिशात राहून गेलं. आईने तो धुतला. त्याचा खिसा अजून निळा आहे.

एस.टी.त मला खिडकीची जागा मिळाली. बोट घालायचं नाही असं मी अर्ध्या वाटेपर्यंत ठरवून बसलो होतो. मग घातलं. आत काही दिसलं नाही. दुसऱ्या कडेने बघितलं. सगळा कागद कोरा. म्हैस नाही, गुडघे नाहीत, कानटोपी नाही. पत्र जरा जास्त फुगवलं तेव्हा मधोमध, एकटा, एक शब्द दिसला.

'या.'

मी पत्र मिटवलं आणि मांडीवर उलटं ठेवलं. त्याने व्हय का न्हाय विचारलं होतं. तिने दोन्हीतलं काहीच लिहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्याला 'ये रे घोड्या' म्हटलं त्याला तिने 'या' लिहिलं होतं. आमच्याकडे बाईमाणूस 'या' म्हणते ते पाहुण्याला, वडीलधाऱ्याला आणि नवऱ्याला. तो पाहुणा नव्हता आणि वडीलधारा तर नव्हताच. एका अक्षरात तिने त्याच्याशी लग्न करून टाकलं होतं, आणि तो निघतानाचं राहिलेलं म्हणणंही म्हणून टाकलं होतं. मी नऊ कागद फाडले होते.

इतका हेवा मला त्या भरतीच्या दिवशीही वाटला नव्हता. समोरच्या सीटवरचा माणूस मला म्हणाला, "पावणं, लागतंय काय गाडी? खिडकी उघडा." मी खिडकी उघडली. पत्र हातात होतं आणि हात बाहेर काढता आला असता. मी ते शर्टाच्या आत, पोटाशी धरून बसलो. स्टेशनवरच्या पेटीत टाकलं, आणि पडल्याचा आवाज आला की नाही ते ऐकायला कान लावून उभा राहिलो.

पुढचे आठवडे मी दर शनिवारी गेलो. तिने फॅट विचारायचं सोडून दिलं. रांगेत लांबूनच माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो. बस्स. आमच्यात तेवढंच बोलणं उरलं. खणात रोज बघायचो. टीव्हीवर लढाई संपल्याचं सांगितलं, हॉस्टेलमध्ये पेढे वाटले. मला पेढा देणाऱ्या पोराने विचारलं, "आला का कागद?" मी नाही म्हणालो, तेव्हा त्याने हातातला दुसरा पेढा परत डब्यात ठेवला.

एक गोष्ट लिहावी की नाही, हे ठरवता येत नव्हतं. लिहितो. त्या दिवसांत एकदा, भूगोलाच्या तासाला, माझ्या मनात आलं की तो आलाच नाही तर. आणि त्या विचाराच्या टोकाला मी तिच्या शेजारी उभा होतो. तो विचार फार वेळ टिकला नाही, पण आला होता. मी वर्गातून उठून नळावर गेलो आणि तोंड धुतलं. त्यानंतर रांगेत तिच्याकडे बघून मान हलवणं मला अवघड जायला लागलं. तरी हेवा गेला नव्हता, हेही सांगायला पाहिजे. ती ज्या तऱ्हेने दर शनिवारी किटली घेऊन उभी राहायची आणि काही विचारायची नाही, त्या न विचारण्याचासुद्धा मला हेवा वाटायचा.

मग खरोखरची चाचणी आली. एक शनिवार चुकला. खणात रोज बघत होतोच. पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी गावी उतरलो तर दूध संस्था बंद झालेली होती, गाडी उशिरा आली होती. सरळ घरी गेलो. आई सोप्यात तांदूळ निवडत होती.

"आलास? हातपाय धू," ती म्हणाली. "आन तुझ्या दोस्ताचं कळलं न्हवं?"

मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. "काय कळलं?"

"तुला ठावं न्हाय? अख्ख्या गावाला ठावं हाय की."

"आई, काय कळलं?"

"कार्ड आलंय, बेस्तरवारी. तिच्या घरी. तिच्या नावानं." आईने सुपातला खडा काढून टाकला. "उघडं कार्ड. पोस्टमननं आधी संस्थेत वाचलं, मग दारात वाचलं, मग आत्यानं वाचून घेतलं. पोरं पाठ म्हणत हिंडाय लागल्यात."

वर्षभर प्रत्येक शब्द गावात सगळ्यांच्या आधी मला कळायचा. ह्या वेळी आमच्या घरात, अक्षर न येणाऱ्या माझ्या आईला माझ्याआधी सगळं पाठ होतं. मी म्हणालो, "काय लिहिलंय?"

आईने सूप खाली ठेवलं आणि शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं. "तुझा 'या' मिळाला. वर गेल्यावर मिळाला न्हाय. माझ्या मागनं फिरत फिरत हितं दवाखान्यात मिळाला. बरफानं उजव्या हाताची दोन बोटं गेली. बाकी सगळा हाय. हे शेजारच्या खाटंवरच्या साताऱ्याच्या गड्यानं लिव्हून दिलंय. तुझ्या बाला वाचून दाखीव. दिवाळीच्या आत येतो."

"बा काय म्हणाला?"

"काय म्हणतोय. तीनदा वाचून घेतलं आन म्हशीला पाणी दावाय गेला. आत्या म्हणाली, दारात आला की मी या म्हणणार, तू म्हण न्हायतर म्हणू नगंस." आईने परत सूप उचललं, मग थांबली. "सगळं कळलं, पर शेवटाला एक लिव्हलंय ते कुणाला कळंना. द्वाराला सांगा, म्हणतोय. ही द्वारा कोण रं? कुठली बाई हाय का काय? तिलाबी इचारलं, तर ती नुसती हसली."

मी पिशवी खाली ठेवली. मी म्हणालो, "द्वाराला काय सांगा म्हणतोय?"

"येतो, म्हणून सांगा," आई परत पाठ म्हटल्यासारखं म्हणाली. "हे येतो म्हंजे येतोच."